सुटलेली नोकरी आणि मागे उरलेला विमा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला एक माजी सैनिक. व्हिएतनाम युद्धातून परतलेला, पुढे रक्ताच्या कर्करोगाने गाठलेला. घरातली नोकरी सुटली होती; पण पूर्वीच्या कंपनीचा आरोग्य विमा हे जोडपे स्वतःच्या खिशातून हप्ते भरून चालू ठेवत होते. २०१० च्या नोव्हेंबरात ऑनलाइन हप्ता भरताना बायकोच्या हातून शेवटचा आकडा ९ ऐवजी ७ दाबला गेला. भरायचे होते ३२८.६९ डॉलर, गेले ३२८.६७. दोन सेंट कमी पडले म्हणून हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीने विमाच बंद करून टाकला. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे तो परत चालू झाला.

या प्रकरणातली खरी मेख दोन सेंटांत नाही. अमेरिकेच्या नियमांत अशा किरकोळ तुटीची सोय आधीपासून आहे. ५० डॉलर किंवा हप्त्याच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम लहान असेल तेवढ्यापर्यंतची तूट योजनेने सोडून द्यावी, नाहीतर माणसाला तसे कळवून भरायला वाजवी मुदत द्यावी. म्हणजे भांडण लागलेच तर प्रश्न उरतो एवढाच: तसे पत्र गेले होते का, आणि केव्हा? नोकरी सुटल्यानंतरच्या विम्यावरून गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत जेवढे खटले झाले, त्यांतले बहुतेक या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहेत. आजार कोणता, उपचार योग्य होता का, डॉक्टरने बिल जास्त लावले का, यांवर न्यायाधीशांना फारसा वेळ घालवावा लागत नाही. त्यांच्यापुढे असते एक पत्र, एक तारीख आणि पाकिटावरचा पत्ता.

मुळात माणसाची तब्येत त्याच्या मालकाच्या हवाली झालीच कशी? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. कामगार तर हवे होते. मग पगार वाढवता येत नाही तर विमा देऊ, अशी वाट कारखानदारांनी काढली, आणि विम्यासारखे लाभ पगारात धरायचे नाहीत असे सरकारनेही ठरवले. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या विम्याच्या हप्त्यावर कामगाराला कर लागणार नाही हे पक्के केले. युद्धकाळातली ती तात्पुरती पळवाट हाच पुढे देशाचा राजमार्ग झाला. त्या रस्त्यावरून चालणाऱ्याची नोकरी गेली की पगाराबरोबर दवाखानाही गेला. आणि नवऱ्याची नोकरी शाबूत असली तरी त्याच्या विम्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा घटस्फोट झाला, किंवा नवरा वारला, की पन्नाशीतल्या त्या बाईला कुठलीही विमा कंपनी दारात उभी करत नसे.

१९८० च्या दशकात या विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांचा प्रश्न काँग्रेसमध्ये पोचला. कॅलिफोर्नियाचे खासदार पीट स्टार्क यांनी तो लावून धरला. जी तरतूद झाली तिला स्वतंत्र कायद्याचा मान मिळाला नाही. अंदाजपत्रकाच्या तडजोडीच्या एका जाडजूड विधेयकात ती चिकटवली गेली आणि ७ एप्रिल १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. त्या विधेयकाच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘कोब्रा’. अंदाजपत्रकाचा बाकीचा तपशील लोक केव्हाच विसरले.

कायदा देतो ते नीट समजून घ्यायला हवे, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने सामूहिक आरोग्य विमा दिला असेल, तर नोकरी सुटलेल्याला किंवा कामाचे तास कमी झाल्याने विम्यातून बाहेर पडलेल्याला तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो. घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू किंवा मूल वयाने बाहेर पडणे अशा कारणांसाठी मुदत ३६ महिन्यांची. अपंगत्व सिद्ध झाले तर १८ चे २९ महिने होतात. मात्र हप्ता पूर्ण स्वतःचा. मालकाचा वाटा, कामगाराचा वाटा आणि वर २ टक्के व्यवस्थापन खर्च, असे १०२ टक्के. अपंगत्वाच्या वाढीव महिन्यांना तर १५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे कायदा विमा देत नाही, विकत घेण्याचा हक्क देतो. केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार मालकामार्फतच्या कुटुंब विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ डॉलर कामगार भरत होता. महिन्याला सव्वापाचशेच्या आसपास कापले जाणाऱ्या माणसाला नोकरी गेल्याच्या महिन्यात एकदम २,१७० डॉलरचा आकडा दिसतो. पगार बंद असताना. हे पाहून अनेकजण पत्र बाजूला ठेवतात यात नवल नाही. आणि ज्याला घरात गंभीर दुखणे आहे तो मात्र कर्ज काढूनही भरतो.

मालकांचा राग इथूनच सुरू होतो. हप्ता कामगार स्वतः भरतो, मग मालकाने कुरकुर का करावी? कारण हप्ता भरायला तयार होणारे लोक सरासरीपेक्षा आजारी असतात. शिवाय मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या बाबतीत ‘विमा कंपनी’ हा पुष्कळदा नुसता मुखवटा असतो. केएफएफच्याच पाहणीप्रमाणे २०२४ मध्ये विमा असलेल्या कामगारांपैकी ६३ टक्के अशा योजनांत होते, जिथे बिले शेवटी मालकाच्याच तिजोरीतून जातात. काढून टाकलेल्या माणसाची केमोथेरपी आपल्या ताळेबंदात दिसणे कुणाला आवडेल?

कायद्याने या व्यवहाराला तारखांची शिडी लावली आहे. नोकरी सुटल्यावर मालकाने योजनेच्या प्रशासकाला ३० दिवसांत कळवायचे, प्रशासकाने पुढच्या १४ दिवसांत कामगाराला हक्काची नोटीस पाठवायची. मालकच प्रशासक असला तर एकूण ४४ दिवस. कामगाराला विचार करायला ६० दिवस, आणि ते मोजायचे विमा बंद झाल्याचा दिवस किंवा नोटिशीचा दिवस, यांतला जो नंतरचा असेल तिथपासून. होकार दिल्यावर पहिला हप्ता भरायला ४५ दिवस, पुढच्या प्रत्येक हप्त्याला ३० दिवसांची सवलत. होकार दिला की विमा मागल्या तारखेपासून लागू होतो. त्यामुळे चतुर माणूस ५९ दिवस वाट पाहतो. काही झाले नाही तर पैसे वाचले, पाय मोडला तर सही करून मागचे हप्ते भरायचे. विमा या धंद्याच्या दृष्टीने हे आक्रीतच, पण कायद्याच्या चौकटीत चोख बसणारे.

वाट पाहताना माणूस सही करण्याच्या अवस्थेतच उरला नाही तर? असे एक प्रकरण १९९२ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे अकराव्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयापुढे आले, ‘ब्रँच विरुद्ध जी. बर्न्ड कंपनी’. नोकरी सोडलेल्या तरुणाला निवडीच्या मुदतीत गोळी लागली आणि पुढे तो दगावला. त्याच्या वतीने वारसाने विमा निवडला. कंपनी म्हणाली, मुदत संपली. न्यायालयाने माणूस असमर्थ असतानाचा काळ मुदतीतून वगळायचा असे धरले आणि वारसाला निवडीचा हक्क दिला. कोब्राच्या खटल्यांत तारखांपेक्षा माणसाकडे पाहिले गेल्याची उदाहरणे मोजकीच आहेत; हे त्यांपैकी.

एरवी पत्राचेच राज्य. नोटीस ‘द्यायची’ एवढे कायदा म्हणतो. ती हाती पडलीच पाहिजे असे म्हणत नाही. न्यायालयांनी यातून काढलेला निकष असा: शेवटच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर, पोचेल अशा रीतीने, प्रामाणिकपणे पाठवली की मालकाचे कर्तव्य संपले. २००२ मध्ये स्प्रिंट या टेलिफोन कंपनीविरुद्धच्या खटल्यात पाचव्या सर्किटने हेच सांगितले. नोटीस सर्टिफाइड डाकेने पाठवली होती, कामगाराला ती मिळाली नव्हती, तरी कंपनी सुटली. उलट बाजूने, पाठवल्याचा पुरावा द्यायचा तो पाठवणाऱ्यानेच. मग मालकाच्या बाजूने टपालखोलीतल्या कर्मचाऱ्याची साक्ष होते. यादी केव्हा छापली गेली, पाकिटे कोण भरायचे, पोस्टाची गाडी किती वाजता यायची. ज्याच्याकडे ही पद्धत नीट सांगणारा माणूस आहे तो जिंकतो; नुसती संगणकातली नोंद दाखवणारा पुष्कळदा अडकतो. कुणाला कर्करोग आहे आणि कुणाची शस्त्रक्रिया थांबली आहे, ते या साक्षीपुराव्यात पार मागे पडते.

मालक हरला तर काय होते? इथे कायद्याचे दात दुधाचे निघतात. नोटीस न दिल्याबद्दल दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड, आणि तो कामगाराला मिळू शकतो. पण ‘पर्यंत’ हा शब्द सगळे ठरवतो. पूर्ण दंड लावायचा, अर्धा लावायचा की काहीच नाही, हे न्यायाधीशाच्या मर्जीवर. मालकाने मुद्दाम लबाडी केली नाही, कामगाराचे प्रत्यक्ष नुकसान झाले नाही, असे वाटले की आकडा घसरतो. दुसरा एक कर आहे, माणशी दिवसाला १०० डॉलरचा, पण तो सरकारी खजिन्यात जातो. कामगाराला उरते ते विमा असता तर मिळाली असती ती बिलांची रक्कम, आणि त्यातून त्याने न भरलेले हप्ते वजा. मनस्तापाची भरपाई नाही, धडा शिकवणारी जबर नुकसानभरपाईही नाही. कारण कोब्राचे खटले ज्या १९७४ च्या कामगार लाभ कायद्याखाली चालतात, त्यात अशा भरपाईला जागा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ‘मॅसॅच्युसेट्स म्युच्युअल विरुद्ध रसेल’ या खटल्यात स्पष्ट केले होते. अमेरिकेत गरम कॉफी अंगावर सांडली तर ज्युरी लाखो डॉलर देते, अशी आपल्याकडे समजूत आहे. नोकरीच्या विम्याबाबत त्या समजुतीला काही आधार नाही. इथे ज्युरीही सहसा नसते.

कायद्यातली सगळ्यात ढिली गाठ मात्र एका वाक्यांशात आहे. कामगाराला ‘घोर गैरवर्तना’मुळे काढले असेल तर त्याला कोब्रा नाही. आणि घोर गैरवर्तन म्हणजे काय, हे कायदा कुठेच सांगत नाही. मग प्रत्येक न्यायाधीश आपापली फूटपट्टी घेऊन बसला. यूटामध्ये १९९५ साली कंपनीची गाडी दारू पिऊन चालवणे या व्याख्येत बसले. इलिनॉयमध्ये दोन वर्षे आधी मालकाच्या गिफ्ट सर्टिफिकेटांचा अपहार बसला. टेक्सासमध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या एका कर्मचाऱ्याने सहकाऱ्याच्या दिशेने सफरचंद फेकले आणि वर वांशिक शेरा मारला, तेही २००१ मध्ये घोर ठरले. पण कॅलिफोर्नियात कॉर्बेल या मद्यनिर्मात्याच्या प्रकरणात गोपनीयता मोडणे हे तेवढे गंभीर मानले गेले नाही. आणि कामातली अकार्यक्षमता, चुकलेले निर्णय, गैरहजेरी यांना न्यायालये सहसा या खणात टाकत नाहीत. सफरचंद फेकणे घोर, गुपित फोडणे नाही. फेकण्याबरोबर उच्चारलेला शब्द तिथे वजनदार ठरला असणार, हे मान्य. तरी ही फळे-गुपिते तराजूत घालून कुठला नियम काढायचा, हा प्रश्न राहतोच.

याहून टोचणारे प्रकरण १९९७ चे, नेव्हिस्टार या ट्रक बनवणाऱ्या कंपनीचे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रजेवर असलेल्या एका कर्मचारी महिलेवर कंपनीने गुप्तपणे नजर ठेवली, तिचे चित्रीकरण केले, आणि ती ढोंग करते आहे असे ठरवून तिला काढले. तिच्या डॉक्टरला साधे विचारण्याची तसदीही घेतली नाही. सातव्या सर्किटच्या न्यायाधीशांना तपास ढिसाळ वाटला, तरी त्यांनी म्हटले की ती खरेच ढोंग करत होती का हा प्रश्न नाही. कंपनीचा तसा प्रामाणिक समज होता एवढे पुरे. म्हणजे मालकाचा गैरसमज प्रामाणिक असेल तर कामगाराचा विमा जाऊ शकतो. कागदावर हे तर्कशुद्ध असेल. पण काढून टाकण्याचा अधिकार मालकाला आहे म्हणून दवाखाना बंद करण्याचा अधिकारही त्याच समजावर उभा करणे, ही उडी लांबची आहे. अनुभवी वकील मालकांना सल्ला देतात तो साधा असतो: शंका असेल तर कोब्रा देऊन टाका. नाकारून हरलात, तर शस्त्रक्रियेचे बिल तुमचे.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेला या विषयातला ठळक खटला एकच, आणि त्यात माणूस निकाल पाहायला उरला नाही. मूर मेडिकल या कंपनीने जुलै १९९३ मध्ये जेम्स गेसल यांना नोकरीवरून काढले. त्यांना कर्करोग होता. कंपनीने स्वतःच सांगितले की तुम्हाला कोब्राचा हक्क आहे. त्यांनी होकार दिला, हप्ते भरले, कंपनीने ते सहा महिने घेतले. मग एके दिवशी कंपनीच्या लक्षात आले की त्यांच्या पत्नी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्समध्ये होत्या आणि त्यांच्या विम्यात गेसल यांचे नाव आधीपासूनच आहे. तुमच्याकडे दुसरा विमा आहे, तेव्हा आमचा बंद, असा पवित्रा कंपनीने घेतला.

वाद एका कलमाच्या काळावर होता. कोब्रा कधी संपतो याच्या यादीत ‘निवडीनंतर जेव्हा तो पहिल्यांदा दुसऱ्या योजनेत येईल’ असे शब्द आहेत. गेसल आधीपासूनच दुसऱ्या योजनेत होते. मग ‘पहिल्यांदा येणे’ झाले का? याआधीच्या दहा वर्षांत अपील न्यायालये यावर दुभंगली होती. कोलोरॅडोतल्या लाँगमाँट शहराच्या १९८९ च्या प्रकरणात दहाव्या सर्किटने कामगाराची बाजू घेतली होती, तर पाचव्या आणि अकराव्या सर्किटांनी जुन्या दुसऱ्या विम्यालाही अडथळा मानले होते. दोन विम्यांत मोठी दरी असेल तरच कोब्रा चालू ठेवायचा, असा एक मधला निकषही काहींनी शोधून काढला. किती मोठी दरी म्हणजे मोठी, हे ठरवायला न्यायाधीशांना दोन पॉलिसींची कलमे आणि एका आजारी माणसाची बिले शेजारी ठेवून गणित मांडावे लागे. खालच्या दोन्ही न्यायालयांत गेसल हरले. दरम्यान त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी खटला पुढे नेत राहिली. ८ जून १९९८ रोजी सर्व नऊ न्यायमूर्तींच्या वतीने न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी निकाल लिहिला: शब्द स्पष्ट आहेत. निवडीनंतर नव्याने मिळालेला विमाच कोब्रा संपवतो, आधीचा नाही. दरीबिरी मोजत बसायचे काम न्यायालयांचे नाही. एवढे सरळ उत्तर देशाला मिळायला कायदा होऊन बारा वर्षे जावी लागली, यावरून त्या काळात किती कुटुंबांनी ‘तुमचा हक्क नाही’ हे मालकाचे उत्तर मुकाट ऐकून घेतले असेल याची कल्पना यावी.

घटस्फोटाच्या प्रकरणांत कळवण्याची जबाबदारी उलटते. नोकरी गेल्याचे मालकाला ठाऊक असते, संसार मोडल्याचे नसते. म्हणून ६० दिवसांत कळवायचे ते कुटुंबाने, आणि तसे केले नाही तर ३६ महिन्यांचा हक्क जातो. यात एक जुनी खेळी आहे. घटस्फोटाची बोलणी चालू असतानाच नवरा वार्षिक नोंदणीच्या वेळी बायकोचे नाव गुपचूप काढून टाकतो. प्रत्यक्ष घटस्फोट होतो तेव्हा तिचा विमा आधीच नाहीसा, मग घटस्फोटाने तिचे काही गेलेच नाही, असा दावा. अमेरिकी करखात्याने २००२ मध्ये एका निर्णयात ही फट बुजवली. घटस्फोटाच्या अपेक्षेने नाव काढले असेल तर घटस्फोटाच्या तारखेपासून तिला कोब्रा द्यावाच लागेल. मधल्या महिन्यांचे काय? त्याची भरपाई मात्र घटस्फोटाच्या न्यायालयात नवऱ्याकडून मागायची.

पासष्टीच्या आसपासच्यांसाठी सापळा वेगळ्याच ठिकाणी आहे. सरकारी मेडिकेअर योजनेत नाव घालायला नोकरी संपल्यापासून आठ महिन्यांची विशेष मुदत मिळते. अनेकांना वाटते, कोब्रा चालू आहे म्हणजे मालकाचाच विमा चालू आहे. मेडिकेअरच्या लेखी तसे नाही. कोब्रा हा ‘चालू नोकरी’चा विमा धरला जात नाही. १८ महिने निवांत राहिलेल्या माणसाला नंतर आयुष्यभर वाढीव हप्ता लागतो, दर १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के. त्याहून वाईट म्हणजे मेडिकेअर घेता आले असते तर तिने जेवढे दिले असते तेवढे कापून उरलेलेच द्यायचे, अशी कलमे काही योजनांत असतात. रुग्णाच्या हाती विमापत्र असते आणि बिलाचा मोठा हिस्साही त्याच्याच हाती.

नोटिशीची भाषा सुधारायला हवी, हे सगळेच मानत होते. कामगार खात्याच्या २००४ च्या नियमांप्रमाणे ती सर्वसाधारण सभासदाला समजेल अशी हवी, तिच्यात योजनेचे नाव, प्रशासकाचे नाव-पत्ता-फोन, तारखा, रक्कम, नकार दिल्यास काय होईल, हे सगळे हवे. खाते स्वतःच नमुना देते. तो भरून पाठवला की नियम पाळला असे मानले जाते. मोठ्या कंपन्यांनी मात्र हे काम बाहेरच्या ठेकेदार कंपन्यांना देऊन टाकले होते, आणि ठेकेदारांनी आपापले साचे बनवले. २०१६-१७ पासून फ्लोरिडातल्या काही वकिलांनी हे साचे शब्दशः तपासायला घेतले. प्रशासकाचे नाव नाही, रक्कम दुसऱ्या पत्रात, शेवटची तारीख तिसऱ्याच कागदावर. काही पत्रांत चुकीची माहिती दिल्यास करखात्याकडून ५० डॉलर दंड होऊ शकतो, अशी धमकीवजा ओळ. आधीच धास्तावलेल्या माणसाने हे वाचून फॉर्म भरलाच नाही, असा दावा.

मॅरियट, वॉलमार्ट, टार्गेट, लॉकहीड मार्टिन अशी नावे फ्लोरिडाच्या संघीय न्यायालयांच्या फळ्यावर लागली. हे सामूहिक खटले होते. पूर्वी एका आजारी माणसाचे एक बिल असायचे, आता एकाच सदोष पत्राचे हजारो वाचक झाले. दिवसाला ११० डॉलर गुणिले हजारो माणसे, हा गुणाकार करून पाहिल्यावर कंपन्यांनी सुनावणीची वाट पाहिली नाही. टार्गेटने सुमारे १६ लाख डॉलरना तडजोड केली, लॉकहीडने साडेबारा लाखांना. ऐकायला मोठे आकडे आहेत. पण हजारो सभासदांत वाटून, वकिलांची फी वजा जाता, एकेकाच्या हाती जेवायला बाहेर जाण्याइतकेच पैसे पडतात. या लाटेने पत्रे सुधारली, हे खरे. कामगार खात्यानेही मे २०२० मध्ये आपला नमुना दुरुस्त करून मेडिकेअरचा मजकूर वाढवला. पण ज्याची शस्त्रक्रिया चुकली त्याच्या हाती या लाटेतून काय लागले, असे विचारले तर उत्तर केविलवाणे आहे. त्याचे नुकसान आणि ज्याने पत्र न वाचताच टाकून दिले त्याचे नुकसान, दोन्हींना एकच किंमत. कंपन्यांनीही मग बचाव बदलला. खरे, ठोस नुकसान दाखवल्याखेरीज संघीय न्यायालयात दावाच लावता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ’ या खटल्यात कडक केले. आता सदोष नोटिशीमुळे नेमके काय गमावले, हे आधी सांगावे लागते.

कोविडच्या काळात ही सगळी घड्याळे थांबली. १ मार्च २०२० पासून सरकारने कोब्राच्या मुदती गोठवल्या. निवडीचे ६० दिवस, हप्त्याचे ४५ दिवस, सगळे. वर्षभरानंतर कामगार खात्याने स्पष्ट केले की ही सवलत प्रत्येकाला आपापल्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणजे कुणी वर्षभराने उठून मागल्या वर्षाचा विमा मागू शकत होता, अर्थात मागचे हप्ते भरून. एप्रिल ते सप्टेंबर २०२१ या सहा महिन्यांत तर नोकरी गेलेल्यांचा पूर्ण हप्ता सरकारने उचलला. २००९ च्या मंदीतही ६५ टक्के उचलला होता. दोन्ही वेळा एक गोष्ट उघड झाली. हक्काचे पत्र पाठवण्याइतकेच, हक्क परवडणेही महत्त्वाचे असते. आणि कायद्याने फक्त पहिल्याची व्यवस्था केली आहे. १० जुलै २०२३ ला गोठवलेल्या मुदती परत वितळल्या.

२०१४ पासून ओबामा यांच्या आरोग्य कायद्यामुळे आधीचा आजार हे विमा नाकारण्याचे कारण उरले नाही आणि सरकारी बाजारपेठेत नोकरीशिवाय विमा मिळू लागला. कोब्राची निकड त्याने कमी झाली. तरी एक गाठ राहिली: नोकरी सुटल्यावर ६० दिवसांत त्या बाजारपेठेत शिरता येते, पण कोब्रा घेऊन चार महिन्यांनी महाग वाटला म्हणून स्वतःहून सोडला, तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत दार बंद.

महाराष्ट्रातून गेलेल्या मंडळींना हा विषय २०२२-२३ च्या नोकरकपातीत नव्याने समजला. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० आणि गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० माणसे कमी केली. त्यांत एच-वन-बी व्हिसावरचे भारतीय अभियंते पुष्कळ होते. या व्हिसावर नोकरी सुटली की नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाने. कोब्राच्या निवडीलाही ६० दिवस. दोन्ही आकडे सारखे असल्याने लोक ते एकच समजतात. ते तसे नाहीत. व्हिसाचे दिवस नोकरी संपल्यापासून धावतात, विम्याचे दिवस विमा संपल्यापासून किंवा नोटीस निघाल्यापासून. नोटीस निघायलाच ४४ दिवस लागू शकतात. तोवर एडिसनमधला फ्लॅट रिकामा करून माणूस पुण्यात पोचलेला असतो, आणि ‘शेवटच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर’ पाठवलेले पत्र न्यू जर्सीतल्या पेटीत पडून राहते. न्यायालयांच्या निकषाने ती नोटीस पोचली.

कोब्राला व्हिसाशी काही देणेघेणे नाही. अमेरिकेत पगार मिळवून विम्यात असलेल्या परदेशी कामगाराचा हक्क अमेरिकी सहकाऱ्याएवढाच. फक्त पुण्यात परतल्यावर त्या विम्याचा उपयोग किती, ते योजनेतल्या परदेशी उपचारांच्या कलमावर अवलंबून. बहुतेक योजनांत ते तातडीच्या उपचारांपुरतेच असते. खरा उपयोग होतो तो कुटुंबाचा काही भाग तिकडे अडकला असेल तर. मुलाचे शाळेचे वर्ष संपायचे आहे, बायकोचे दिवस भरत आलेत, व्हिसा बदलण्याचा अर्ज पडून आहे. अशा वेळी कायद्याचे एक फारसे कुणाला ठाऊक नसलेले अंग कामी येते: निवडीचा हक्क प्रत्येकाचा स्वतंत्र आहे. नवऱ्याने नकार दिला तरी बायको एकटीपुरता, किंवा फक्त मुलापुरता विमा ठेवू शकते, आणि हप्ताही तेवढ्यापुरताच भरायचा. मुख्य कामगाराच्या कोब्राच्या काळात त्याला झालेले बाळ तर जन्मतःच या हक्काचा स्वतंत्र धनी ठरते. फक्त त्याचे नाव योजनेने ठरवलेल्या मुदतीत, सहसा ३० दिवसांत, आईबापांनी लेखी कळवले पाहिजे.